हावर्थसाहेबाच्या सात तसबिरी

ठाण्याच्या सरकारी मराठी शाळेत श्रीपाद भिकाजी खांबेटे नावाचे एक मास्तर होते. मूळचे कल्याणचे, पण नोकरी ठाण्याला, म्हणून मासुंदा तळ्यामागच्या आळीत दोन खोल्या घेऊन बायकोसह राहत. अंगाने काटकुळे, आवाज मात्र असा की ते तिसरीला शिकवू लागले की पलीकडच्या खोलीतली पहिलीची पोरंही गप्प होत. व्याकरणात ते कोणाचं ऐकून घेत नसत. बाकी सगळ्या बाबतींत भिडस्त. पुढे जे घडलं ते या भिडस्तपणामुळेच घडलं.

१८५९ साली ठाण्याला हावर्थ नावाचा पाद्री आला. त्याला मराठी शिकायचं होतं, आणि कोणीतरी त्याला खांबेटे मास्तरांचं नाव सांगितलं. शाळा भरण्याआधी तासभर मास्तर त्याच्या बंगल्याच्या ओसरीवर जाऊ लागले. साहेब वेताच्या खुर्चीत, मास्तर घरून नेलेल्या धाबळीवर. अशी तेरा वर्षं गेली. या तेरा वर्षांत साहेबाने त्यांच्याजवळ धर्माची गोष्ट एकदाच काढली, तीही हसत. म्हणाला, "मास्तर, आधी विभक्ती शिकवा. मुक्तीचं आपण मागाहून पाहू." ते मागाहून कधी आलं नाही.

साहेबाला दोन नाद होते. एक, कामकऱ्यांच्या तोंडचे शब्द वहीत टिपून ठेवायचे. त्यासाठी तो कोपरीच्या मिठागरावर जाऊन बसे. तिथला मुकादम पंढरी त्याचा दोस्त झाला होता. पंढरीला 'हावर्थ' म्हणता येत नसे; तो 'हातरथसाहेब' म्हणे, आणि साहेबाला ते आवडे. पंढरीचा एखादा शब्द साहेबाने वहीत घेतला की मास्तर नाक मुरडत. "हे अशुद्ध आहे," ते म्हणत. साहेब म्हणे, "मीठ तो करतो, मास्तर. शब्दही त्याचाच असू द्या."

दुसरा नाद फोटोंचा. मुंबईहून कोणी फोटोग्राफर कल्याणच्या बाजूला निघाला की साहेब त्याला वाटेत ठाण्यालाच उतरवून घेई. शाळेतल्या मुली, बंगल्यातली गडीमाणसं, तुरुंगाचा डॉक्टर, होडीवाले, ज्याचा त्याचा फोटो. ते सगळे एका जाड पुस्तकात चिकटवलेले असत. मास्तरांनी मात्र तेरा वर्षांत एकदाही फोटो काढू दिला नव्हता.

१८७२ साली साहेब लांब रजेवर विलायतेला निघाला. जाण्याआधी सगळ्या स्नेह्यांचा मिळून एक फोटो व्हावा असं त्याच्या मनात आलं. गोपीनाथ मानकर नावाचे फोटोग्राफर आपला कॅमेरा, बाटल्या आणि काळा तंबू घेऊन आले. बंगल्याच्या आवारात जांभळाच्या झाडाखाली टेबल मांडलं. चित्र शोभून दिसावं म्हणून मडमेने त्यावर पांढरी चादर घातली आणि चहाची किटली व पेले मांडले. किटलीत काही नव्हतं, पेल्यांतही काही नव्हतं.

टेबलाभोवती आठ जण होते. साहेब आणि मडम, तुरुंगाचे डॉक्टर परेरा, स्टेशनमास्तर होरमसजी, मिठाच्या खात्यातला बार्लो नावाचा साहेब, मुलींच्या मिशन शाळेतल्या रूथबाई, मागे उभा पंढरी, नवी पगडी घालून, आणि अगदी कडेच्या खुर्चीवर खांबेटे मास्तर. साहेबाने हात धरून बसवलं, म्हणून ते बसले.

"मी आठ मोजीपर्यंत कोणी हलायचं नाही," गोपीनाथ म्हणाले.

फोटो उमटलेली पहिली काच तंबूत नेऊन त्यांनी धुतली आणि बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, तुमचा हात थरथरला. बाकी सगळे नीट आलेत, तुमचा हात तेवढा धुरासारखा दिसतोय. काहीतरी धरा हातात."

धरायला समोर एकच वस्तू होती. मास्तरांनी पेला उचलला. गोपीनाथांनी पुन्हा आठ मोजले.

त्या फोटोच्या सात प्रती निघाल्या. साहेब-मडमेला मिळून एक, बाकी सहा जणांना एकेक. मास्तरांनी आपली प्रत पंचांगांच्या गठ्ठ्यात ठेवली आणि बायकोलाही दाखवली नाही. महिन्याभराने साहेब आगबोटीत बसला. एडनच्या पुढे त्याला ताप आला आणि तो वाटेतच गेला. ही बातमी डॉक्टर परेरांनी शाळेत येऊन सांगितली. त्या दिवशी मास्तरांनी तिसरीच्या मुलांना लवकर सोडलं.

पुढच्या वर्षी पितृपक्षात मास्तरांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. त्यांच्या पत्नी गोदाबाईंनी पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक केला, पानं मांडली. बोलावलेले दोन ब्राह्मण आले नाहीत. मास्तर दोनदा दारात जाऊन आले. उन्हं कलली तेव्हा शेजारच्या घरून निरोप आला की कोणी येणार नाही, वाट पाहू नका.

झालं होतं असं. डॉक्टर परेरांनी तो फोटो आपल्या दिवाणखान्यात टांगला होता. रोगी तिथेच बसून वाट पाहत. कल्याणचे एक भिक्षुक डोळे दाखवायला आले होते; डोळे अधू असले तरी भिंतीवरचे खांबेटे त्यांना ओळखता आले. पाद्र्याच्या टेबलाशी बसलेले, हातात चहाचा पेला. आठ दिवसांत ही गोष्ट कल्याणभर झाली.

मास्तर कल्याणला धर्माधिकारी गोविंदशास्त्री यांच्याकडे गेले. शास्त्री कठोर गृहस्थ नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "चहा घेतलात?"

"नाही. पेला रिकामा होता. हात हलत होता म्हणून धरला."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवीन, श्रीपादपंत. पण फोटो बघणाऱ्याला हे कोण सांगणार? तो आज एका दिवाणखान्यात आहे, उद्या दहा ठिकाणी असेल. एकंदर प्रती किती?"

"सात."

"सातही गोळा करा. इथे आणून खाडीकाठी अग्नीला द्या. मग पंचगव्य घ्या, आणि गोष्ट संपली. तोपर्यंत माझ्या हातात काही नाही."

मास्तरांना हे अवघड वाटलं नाही. अवघड काय आहे ते घरी आल्यावर कळू लागलं. गोदाबाईंना हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. आळीतल्या विहिरीवर त्या गेल्या की बाकीच्या बायका आपले हंडे घेऊन बाजूला उभ्या राहत आणि त्यांचं होईस्तोवर वाट पाहत. भांडत नसत, नुसत्या उभ्या राहत. आणि त्यांची एकुलती लेक शकू, जी कल्याणला दिली होती, तिला सासरच्यांनी माहेरी पाठवणं थांबवलं.

मास्तर पहिल्यांदा डॉक्टर परेरांकडे गेले. खरं कारण सांगायचं त्यांनी वाटेत घोकून ठेवलं होतं. पण दिवाणखान्यात शिरल्यावर तोंडून निघालं, "साहेबाची आठवण म्हणून हा फोटो मला मिळेल का?"

डॉक्टर परेरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून फोटो खाली काढला. वर कपाटातून आणखी पाच फोटो काढून दिले. "हे पण घ्या. माझी बदली रत्नागिरीला होतेय. तिकडे यांना ओळखणारं कोण आहे? तुम्ही त्यांचे गुरू. तुमच्याकडेच हे नीट राहतील."

मास्तर ते फोटो छत्रीच्या आड धरून घरी आले. एकाला गेले आणि सहा घेऊन आले, असं झालं.

पुढेही तसंच होत गेलं. स्टेशनमास्तर होरमसजी इगतपुरीला होते. मे महिन्याच्या सुटीत मास्तर तिकडे गेले. होरमसजींनी फोटो दिला, त्याबरोबर साहेबाचे घोड्यावरचे दोन फोटो दिले आणि जेवायचा आग्रह केला. मास्तरांनी नुसतं शहाळ्याचं पाणी घेतलं. बार्लोसाहेब कराचीला गेला होता, त्याला पत्र घातलं. त्याने टपालाने फोटो पाठवला आणि लिहिलं की आपण जुन्या मित्राची स्मृती जपता हे वाचून आनंद झाला. ते पत्र मास्तरांनी एकदाच वाचलं आणि घडी घालून तळाशी ठेवलं.

घरात गोदाबाई हे सगळं पाहत होत्या. त्या काही विचारत नसत. फोटो एका शिसवी पेटीत जमत होते, आणि पेटी सोवळ्याच्या वस्तूंपासून लांब, दाराजवळच्या फळीवर असे.

चौथी प्रत कोपरीला पंढरीकडे होती. मास्तर गेले तेव्हा पंढरी मिठागराच्या बांधावर उभा राहून माणसांकडून मिठाच्या राशी करवून घेत होता.

"काय मास्तर, आज मिठागरान कशे?"

मास्तरांनी नेहमीचं वाक्य सुरू केलं, "साहेबाची आठवण म्हणून..." आणि थांबले. पंढरीला व्याकरण येत नव्हतं म्हणून त्यांनी त्याला तेरा वर्षं अडाणी मानलं होतं. त्याच्यापुढेच त्यांना खोटं बोलवेना. ते म्हणाले, "पंढरी, मला तो फोटो जाळायला हवा आहे." आणि पितृपक्षापासून सगळी हकिकत त्यांनी सांगितली.

पंढरीने ती ऐकून घेतली. मग म्हणाला, "साहेब तं गेलाच. त्याला आता काय भाजनार नाय. न्या तुमी. तुमच्या घरा मानसा जेवाला येत नसतील, तं मी ह्यो भितीवं टांगून काय करू?"

घरी जाऊन त्याने फोटो आणला. देवाच्या कोनाड्याशेजारी असायचा, म्हणून त्याच्या काचेला गुलाल लागला होता. तो मास्तरांच्या हातात देण्याआधी पंढरी म्हणाला, "पन येक करा. यातल्या मानसांची नावा माना सांगा. साहेब, मडम, मिठाचा साहेब नि तुमी सोरून माना कोन नीट ठावं नाय. दागतराला तं लांबनंच बघितलेला. दोन वरसा मी सगल्यांच्या मागं उभा हाय, नि नावा ठावं नायत."

दोघे बांधावर बसले. मास्तरांनी डावीकडून सुरुवात केली. कोण कुठला, काय करी, साहेबाशी त्याची ओळख कशी झाली. पंढरी प्रत्येक नाव एकदा मोठ्याने म्हणे. रूथबाईंचं नाव त्याला आवडलं. 'होरमसजी' तीन वेळा म्हणून पाहिलं. सगळं झाल्यावर त्याने धोतराच्या सोग्याने काचेवरचा गुलाल पुसला आणि फोटो दिला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी दौत-लेखणी घेतली आणि पेटीतल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर नावं लिहिली. जाळायच्या कागदावर नावं कशाला लिहायची, असं गोदाबाईंनी विचारलं नाही. पण कंदिलाची वात त्यांनी मोठी करून दिली.

रूथबाईंना सांगावंच लागलं नाही. त्या शाळा सोडून अहमदनगरला निघाल्या होत्या. सामान बांधलेलं होतं. त्या म्हणाल्या, "मास्तर, कल्याणला काय ठरलं ते माझ्या कानावर आहे. माझी प्रत जाळा, माझी ना नाही. पण हे दुसरे चाळीस फोटो आहेत, ते जाळू नका. त्यात माझ्या मुली आहेत. काही जणी आता जिवंत नाहीत, आणि त्यांच्या आईबापांकडे त्यांचं एकही चित्र नाही. मी कुठे कुठे नेऊ?"

"माझ्याकडे का देता, बाई? मी तर जाळणारा."

"तुमचं अक्षर चांगलं आहे," रूथबाई म्हणाल्या. "प्रत्येकीचं नाव आणि गाव सांगते. लिहून घ्या."

आता बाहेरच्या सहांपैकी पाच प्रती मिळाल्या होत्या. सहावी मडमेकडे विलायतेत होती. मास्तरांनी इंग्रजी जाणणाऱ्या हेडमास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं. चार महिन्यांनी एक भलं मोठं पार्सल आलं. मडमेने एक प्रत पाठवायची सोडून साहेबाचं ते अख्खं जाड पुस्तकच पाठवलं होतं. तिला डॉक्टर परेरांकडून कळलं होतं की मास्तर साहेबाचे फोटो जमवताहेत. पत्र इंग्रजीत होतं. खाली एक ओळ तिने स्वतः बाळबोध लिपीत लिहिली होती: 'मास्तर, हे पुस्तक तुमची आहे.' चुकीच्या लिंगावरून शाळेतल्या कित्येक पोरांचे कान पिळलेल्या मास्तरांनी ती ओळ वाचली आणि तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शाळेतून आले तर गोदाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. पुस्तक उघडून मांडीवर घेतलेलं. सोवळंओवळं त्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवलं होतं. साहेबाची प्रत त्यांच्यासमोर होती, आणि शेजारी घरातल्या सहा प्रती मांडलेल्या.

"अहो, इकडे या जरा," त्या म्हणाल्या. "बाकीचे सगळे पिवळे पडलेत. हा बघा, पुस्तकात मिटलेला होता म्हणून कसा लख्ख राहिलाय. तुमच्या हातातला पेला बघा."

मास्तरांनी वाकून पाहिलं. पेला किंचित कलता धरलेला होता. आतली पांढरी बाजू पार तळापर्यंत दिसत होती.

"रिकामा आहे," गोदाबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही सांगत होता ते खरं होतं."

मास्तर खाली बसले. "म्हणजे तुला वाटत होतं की मी..."

"वाटत होतं."

"तीन वर्षं?"

"हो."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बोलून काय करायचं होतं? प्यायला असतात तरी पान वाढायचंच होतं तुम्हाला." त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. "ही कोण? फार गोड दिसते."

मास्तरांनी सांगितलं. मग पुढची कोण, तेही सांगितलं. चूल त्या दिवशी उशिरा पेटली. वाळीत पडल्यापासून गोदाबाईंनी इतकी माणसं एकदम पाहिली नव्हती.

माघ महिन्यात मास्तर सातही प्रती फडक्यात गुंडाळून कल्याणला गेले. गोविंदशास्त्र्यांच्या पडवीत पाचसहा जण जमले होते. मास्तरांनी साहेबाची प्रत पुढे केली. शास्त्र्यांनी पोथी वाचायचं भिंग मागवलं आणि बराच वेळ पाहिलं. मग भिंग बाजूला ठेवलं.

"रिकामा आहे. मान्य. पण टेबलाशी बसलात."

"बसलो. त्याचं प्रायश्चित्त आज घेतो, सांगाल ते घेतो. फोटो मात्र जाळणार नाही."

पडवीत कुजबुज झाली. शास्त्री म्हणाले, "तुम्हीच कबूल झाला होता, श्रीपादपंत."

"झालो होतो. पण हे फोटो मी आठवणीसाठी हवेत असं सांगून आणलेत. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने खाली काढून दिला. आता जाळले तर मी त्या माणसांना फसवलं असं होईल." मास्तरांचा तो शाळेतला आवाज नव्हता, ते हळू बोलत होते. "चहा घेतला नव्हता, त्याची शिक्षा मी तीन वर्षं भोगली. खोटं बोललो, त्याबद्दल मला कोणीच काही म्हटलं नाही. ते मला जास्त लागतं."

शास्त्र्यांनी साहेबाची प्रत मास्तरांकडे परत सरकवली. "अर्धं प्रायश्चित्त मला देता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"ठाऊक आहे."

मास्तरांनी सात प्रती पुन्हा फडक्यात बांधल्या. शास्त्री त्यांना पोचवायला दारापर्यंत आले. तेवढं त्यांनी केलं.

ठाण्याला परतल्यावर मास्तरांनी पहिलं काम केलं ते कोपरीला जाऊन पंढरीची प्रत परत देण्याचं. दुसरं, डॉक्टर परेरा, होरमसजी आणि बार्लोसाहेब यांना पत्रं लिहून खरं काय ते कळवण्याचं. तुमची प्रत हवी असल्यास पाठवतो, असंही लिहिलं. बार्लोसाहेबाने उत्तर दिलं नाही. होरमसजींनी आपली परत मागवली. डॉक्टर परेरांचं उत्तर दोन ओळींचं होतं: तुमच्याकडेच राहू द्या, आता ते तुम्ही मागितले तसेच ठेवाल.

त्यानंतर आठ वर्षं मास्तरांच्या घरी कोणी पानावर बसलं नाही. पण दार काही ओस राहिलं नाही. रूथबाईंच्या मुलींपैकी कोणाची आई, कोणाचा भाऊ विचारत विचारत येई. कोणी नुसता बाहेरच्या ओट्यावर बसून फोटो पाही आणि जाई. मास्तर शाळेत असत, त्यामुळे पेटी काढायची ती गोदाबाईंनी. त्यांना अक्षरओळख नव्हती. मास्तरांनी फोटोंच्या पाठी लिहिलेल्या नावांवरूनच त्या शिकल्या. आधी माणूस ओळखायच्या, मग त्याच्या नावाची अक्षरं.

मास्तर अधूनमधून विचारत, "तुला त्रास होतो का गं?"

"शकूचा होतो," त्या म्हणत. बाकी कशाचं नाव घेत नसत.

शकूची दोन बाळंतपणं सासरीच झाली होती, आणि दोन्ही जड गेली होती. १८८४ च्या चैत्रात एका सकाळी मास्तरांच्या दारापुढे बैलगाडी थांबली. शकूच्या सासूबाई कमळाबाई एकट्याच उतरल्या. त्यांचे यजमान आदल्या वर्षी वारले होते, आणि घरातला शब्द आता त्यांचा होता. गोदाबाई पदर सावरून दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हणायचं धाडस होईना.

"विहीणबाई, आत बोलावणार की नाही?" कमळाबाई म्हणाल्या आणि स्वतःच आत येऊन चटईवर बसल्या. "तो फोटो दाखवा आधी. ज्याच्यावरून माझी सून अकरा वर्षं माहेराला मुकली तो."

गोदाबाईंनी पुस्तक आणलं. कमळाबाईंनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मडमेकडे पाहिलं, पंढरीच्या पगडीकडे पाहिलं, कडेच्या खुर्चीवरच्या व्याह्यांकडे पाहिलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

त्यांनी पुस्तक मिटून मास्तरांच्या हातात दिलं.

"शकूला पुन्हा दिवस गेलेत. सहावा महिना आहे. पोरीच्या तोंडावर रंग राहिला नाही. आई हवी म्हणते. मी तिला उद्या इथे आणून सोडते. कोणाला काय बोलायचं ते त्यांनी माझ्याशी बोलावं." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ऊन फार झालंय. पाणी द्या."

गोदाबाई जागच्या हलल्या नाहीत. मास्तरच उठले आणि त्यांनी माठातलं पाणी तांब्यात काढलं. पण देताना त्यांनी तांब्या बायकोच्या हातात दिला, आणि गोदाबाईंनी तो कमळाबाईंपुढे ठेवला. कमळाबाई पाणी घटाघटा प्यायल्या आणि त्यांनी तोंड पुसलं.

शकू आली, श्रावणात तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. कमळाबाईंनी पाणी घेतल्याची गोष्ट कल्याणला कळली, त्यावर पाचसहा महिने बोललं गेलं, आणि मग लोकांचा उत्साह संपला. एव्हाना कितीतरी जण नोकरीसाठी मुंबईला जाऊ लागले होते आणि तिथे ते काय पितात हे कोणी विचारत नसे. पुढच्या पितृपक्षात मास्तरांकडे एक ब्राह्मण आला. त्याच्या पुढल्या वर्षी दोन आले. प्रायश्चित्त काही झालं नाही, आणि कोणी त्याची आठवणही काढली नाही.

मास्तर पेन्शनीत निघाले. पेटीच्या आता दोन पेट्या झाल्या होत्या. १८९२ साली हिवाळ्यात, एका रविवारी, रेल्वेत इंजिनियर म्हणून मुंबईला आलेला एक तरुण साहेब पत्ता शोधत आला. तो हावर्थसाहेबाचा मुलगा आर्थर. पाच वर्षांचा असताना त्याला शिकायला विलायतेला धाडलं होतं. बापाला त्याने त्यानंतर पाहिलं नव्हतं. मराठी तो पार विसरला होता. मास्तरांचं इंग्रजी बेताचं. दोघे एकमेकांकडे पाहून हसत बसले.

गोदाबाईंनी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. बापाचे फोटो त्याने सावकाश, टोपी मांडीवर ठेवून पाहिले. मग पुस्तक मिटवून त्याने एकच शब्द उच्चारला, चाचरत, जणू बरोबर आहे की नाही याची खात्री नसावी तसा.

"शेवंती?"

मास्तरांना कळेना. गोदाबाई मात्र तोवर उठल्या होत्या. दुसऱ्या पेटीतून त्यांनी एक लहान फोटो काढला. बंगल्याच्या पायरीवर बसलेली एक आया, नाकात मोठी नथ, मांडीवर झालरीच्या झग्यातला एक रडका मुलगा. पाठीवर मास्तरांच्या अक्षरात: शेवंती, आया, मानपाडे.

"जिवंत आहे," गोदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "गेल्या वर्षी तिची पुतणी आली होती फोटो बघायला. घेऊन जा त्याला."

डोंबिवलीला स्टेशन होऊन चारपाच वर्षं झाली होती. दोघे तिथे उतरून शेतांच्या बांधावरून मानपाड्याला चालत गेले. भात कापून झालं होतं. शेवंती अंगणात सूप घेऊन पाखडत बसली होती. मास्तरांनी हा कोण ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही. त्या उंच, लालबुंद झालेल्या साहेबाकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"येवढ्या उनान आयला," ती म्हणाली, "नि टोपी हातान कशाला धरलीस? डोक्यावं घाल ती."

मास्तरांनी भाषांतर केलं. आर्थरने मुकाट्याने टोपी घातली. तेव्हा कुठे तिने सूप बाजूला ठेवलं, आणि त्याला जवळ बोलावून त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मास्तर कुंपणापाशी जाऊन उभे राहिले आणि शेतांकडे पाहू लागले.

आर्थर हिवाळाभर दर रविवारी मानपाड्याला जात राहिला, असं पुढे शेवंतीच्या पुतणीकडून कळलं. त्याने ते जाड पुस्तक महिन्यासाठी नेलं, मुंबईत फोटोंच्या नकला करवून घेतल्या आणि पुस्तक परत आणून दिलं. मास्तर १८९८ साली गेले. त्यानंतर गोदाबाई कल्याणला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी दोन्ही पेट्या बरोबर नेल्या, आणि गाडीत चढवताना हमालाला बजावलं, "सांभाळून रे, आत माणसं आहेत."